फुंकणी आणि चिमटा

माणदेशातल्या आमच्या घरी चुलीच्या उजव्या अंगाला भिंतीशी टेकवून ठेवलेली लोखंडी फुंकणी असे. तिचे चुलीकडचे टोक धुराने काळेठिक्कर पडलेले आणि तोंडाकडचे टोक तीन पिढ्यांच्या बायकांच्या ओठांनी घासून लख्ख झालेले. आमच्या थोरल्या आत्याबाईंनी वयाच्या तेराव्या वर्षी ही फुंकणी हाती घेतली ती सत्तरी उलटेपर्यंत खाली ठेवली नाही. आणि शेवटची दहा-बारा वर्षे माडीचा जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसू लागल्या, तेव्हा घरातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. वय झाले, एवढेच सर्वांनी म्हटले. खोकल्याचे औषध येत राहिले, पावसाळ्यात छाती शेकली जात राहिली, आणि ‘तुम्ही कधी विडी ओढली नाही, मग फुप्फुसाला काय होणार’ असा निर्वाळाही एका दवाखान्यातून मिळाला. मग करोनाची साथ आली, आणि लाखो घरांप्रमाणे आमच्याही घरी बोटाला लावायचा तो चिमटा आला. आत्याबाईंच्या बोटाला तो लावला की सत्त्याण्णवाचा आकडा उमटे, आणि तो पाहून सारे घर निर्धास्त होई.

साथ ओसरल्यावर गावात आरोग्य शिबिर भरले. तेथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तळहातावर मावेल एवढे एक यंत्र आत्याबाईंपुढे धरले. त्याला एका बाजूस पुठ्ठ्याची नळी होती आणि दुसऱ्या बाजूस वायरीने जोडलेला बोटाचा चिमटा होता. चिमट्याने पुन्हा सत्त्याण्णवच सांगितले. नळीने मात्र असे सांगितले की, त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या स्त्रीच्या छातीतून जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडावी, तिच्या जेमतेम निम्मी पडत आहे. एकाच माणसाविषयी, एकाच घटकेला, एकाच यंत्राने दिलेल्या या दोन साक्षी एकमेकींशी जुळत कशा नाहीत, हा प्रश्न त्या दिवशी मला जो लागला तो मी पुष्कळ दिवस उलगडत बसलो. आणि आता वाटते की चिमट्याची ओळख घरोघर झाली, पण या पुठ्ठ्याच्या फुंकणीची ओळख मात्र राहूनच गेली, यात आपले फार मोठे नुकसान होत आहे.

दोन्ही साक्षी खऱ्या होत्या; फरक होता तो त्या कोणत्या दफ्तरातून आल्या याचा. गावची रसद घाटातून येते असे समजा. घाटाचा रस्ता किती रुंद आहे आणि तासाला किती गाड्या त्यातून जाऊ शकतात, हा एक हिशेब. आणि आज कोठारात धान्य किती आहे, हा दुसरा. दरड कोसळून रस्ता निम्मा झाला तरी, गाडीवान रात्रंदिवस राबून कोठार काही काळ भरलेले ठेवू शकतात. कोठाराचा दाखला पाहणाऱ्या कारभाऱ्याला दरडीची वार्ताही लागत नाही. बोटावरचा चिमटा म्हणजे ऑक्सिमीटर. तो कोठार मोजतो. पुठ्ठ्याची नळी ज्याला जोडलेली असते तो स्पायरोमीटर. तो रस्ता मोजतो.

रस्ता मोजण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने १८४६ साली लंडनमध्ये आपला प्रबंध सादर केला, तेव्हा त्याचे यंत्र हलवायला माणसे लागावीत एवढे मोठे होते: पाण्यात उपडे घातलेले एक पिंप, वजनांनी तोललेले, आणि नळीतून फुंकलेली हवा आत शिरली की वर उचलले जाणारे. नाविक, पोलीस, आगीच्या बंबावरचे लोक, छापखान्यातले कामगार, दरिद्री लोक आणि सुखवस्तू सभ्य गृहस्थ अशा दोन हजारांहून अधिक माणसांना त्याने या यंत्रात फुंकायला लावले, आणि असा नियम काढला की पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंचीचा प्रत्येक इंच वाढला की फुंकरीची हवा सुमारे आठ घन इंचांनी वाढते. वजनाचा तिच्याशी असा सरळ संबंध नाही. पूर्ण आत घेतलेला श्वास पूर्ण बाहेर टाकला असता जेवढी हवा निघते, तिला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ ‘जीवनधारणेची क्षमता’ असा होतो. आणि ते नाव त्याने विचारपूर्वक दिले होते, कारण क्षयाच्या रोग्यांमध्ये इतर लक्षणे उमटण्याच्या आधीच हा आकडा उतरू लागतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. आयुर्विमा उतरवणाऱ्यांनी हे यंत्र वापरावे, असा त्याचा आग्रह होता. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला, तेथून फिजीला, आणि तेथेच १८६१ साली वारला.

हचिन्सनने हवा किती हे मोजले. ती किती वेगाने निघते, हे मोजायचे राहिले होते. ती उणीव १९४७ साली तिफनो आणि पिनेली या फ्रेंच संशोधकांनी भरून काढली. त्यांचा प्रश्न साधा होता: छाती भरून घेतलेला श्वास सर्व जोर लावून सोडला, तर त्यातला किती हिस्सा पहिल्या सेकंदातच बाहेर पडतो? निरोगी तरुणाच्या बाबतीत तो तीन-चतुर्थांशाहून अधिक, बहुधा चार-पंचमांशाच्या आसपास असतो. श्वासनलिका सुजून, कफाने भरून किंवा आकसून अरुंद झाल्या असतील, तर सारी हवा अखेरीस बाहेर येतेही, पण रेंगाळत येते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदाचा हिस्सा सत्तर टक्क्यांच्या खाली राहिला, तर रस्ता कायमचा अरुंद झाला आहे असे डॉक्टर समजतात, आणि सीओपीडी या नावाने ओळखला जाणारा दीर्घकालीन विकार तो हाच. दम्यात औषधानंतर पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकले असता आकडा पुष्कळ सावरतो. दम्याचा रोगी आणि सीओपीडीचा रोगी पायरीवर बसून सारखेच धापत असतात. त्यांच्यातला भेद नुसत्या कानाला आणि डोळ्याला नेहमीच कळतो असे नाही, आणि म्हणून ही फुंकर अमोल आहे. फुप्फुसाची ऊती टणक झाली असेल, तर चित्र आणखी निराळे दिसते: हवा वेगाने निघते, पण मुळातच थोडी असते.

चिमट्याची कथा जपानातली आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. ताकुओ आओयागी हे निहोन कोहदेन या कंपनीत काम करणारे अभियंते हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते हे, कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार सोडून मोजण्याच्या खटपटीत होते. रक्तात सोडलेला रंग हळूहळू फिका होत जाताना जी गुळगुळीत रेषा उमटायला हवी होती, ती नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक थरथरे. हा अडथळा काढून टाकण्यासाठी त्यांनी अवरक्त किरणांचा दुसरा प्रकाश सोडून एकाची थरथर दुसऱ्याने फेडण्याची तजवीज केली. तर असे आढळले की रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला की ही फेड बिघडते. सामान्य माणसाने येथे कपाळाला हात लावला असता. आओयागींना मात्र उमगले की ज्याला आपण अडथळा म्हणून घालवू पाहत होतो, त्यातच ऑक्सिजनचे माप दडलेले आहे. हे १९७४ साल. कातडी, हाड, नख आणि शिरांतले रक्त प्रकाश अडवतात ते एकसारखे. ठोक्याबरोबर बदलते ते फक्त धमनीतून नव्याने आलेल्या रक्ताचे प्रमाण. म्हणून बदलणारा अंश तेवढा निवडून घेतला की धमनीतल्या रक्ताची साक्ष आपोआप वेगळी होते. ऑक्सिजनने भरलेले रक्त लाल प्रकाश सहज जाऊ देते आणि अवरक्त अधिक शोषते. रिकामे रक्त याच्या उलट वागते. चिमट्याच्या आत सुमारे ६६० आणि ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि समोरचा डोळा त्यांचे गुणोत्तर काढतो. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही.

त्याआधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देणारा डॉक्टर रोग्याचे ओठ आणि नखे निळसर होतात की काय, यावर नजर ठेवून बसे. आणि ओठ निळे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी जी पडताळणीची यादी तयार केली, तिच्यात हा चिमटा रोग्याच्या बोटाला लावलेला आहे ना, ही एक बाब घातली गेली. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते शल्यवैद्य अतुल गावंडे विदर्भातल्या उमरखेडजवळच्या उटी गावच्या घराण्यातले. गरीब देशांतल्या शस्त्रक्रियागृहांपर्यंत हे यंत्र पोहोचवण्यासाठी २०११ साली निघालेली ‘लाइफबॉक्स’ ही संस्थाही त्यांच्याच पुढाकाराची. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले. त्याच दिवसांत जगभरची माणसे औषधांच्या दुकानांपुढे त्यांच्या शोधासाठी रांगा लावून उभी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: रस्ता निम्मा झाला असताना कोठार सत्त्याण्णव टक्के भरलेले कसे? याचे उत्तर रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. साताऱ्याहून कासच्या पठारावर जो गेला आहे त्याला हे चटकन कळेल: पठारावरून कितीही चाललो तरी आपण खाली उतरत आहोत असे वाटत नाही, आणि मग एकाएकी कडा येतो. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरइतका असताना हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेले असते. दाब ६० पर्यंत, म्हणजे दोन-पंचमांश उतरला तरी ते ९० टक्के भरलेलेच राहते. येथवर पठार. पुढे कडा: दाब ४० झाला की ७५ टक्के, आणि २७ च्या आसपास निम्मे. सृष्टीने ही योजना आपल्या रक्षणासाठीच केली आहे. परंतु जे पठार आपल्याला वाचवते तेच आपल्याला गाफीलही ठेवते. आत्याबाईंची फुप्फुसे वर्षानुवर्षे या पठारावरून मागे मागे सरकत होती, आणि चिमटा प्रत्येक वेळी इमानाने सांगत होता की आपण अजून वरच आहोत.

याचे दुसरे अंग करोनाच्या साथीत दिसले. श्वास घ्यावासा वाटण्याची जी तीव्र ऊर्मी असते, ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे उठते, ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे तितकीशी नाही. म्हणून कित्येक रोगी कड्यावरून घसरत असतानाही खाटेवर बसून फोनवर बोलत होते. त्या वेळी या चिमट्याने असंख्य जीव वेळेवर रुग्णालयात पोहोचवले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशासेविका तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार हिंडल्या, आणि खेड्यापाड्यांतल्या आजीबाईंनाही ‘ऑक्सिजन लेव्हल’ हा शब्द पाठ झाला. दहा सेकंद श्वास रोखून धरता आला की फुप्फुस ठणठणीत, असा जो संदेश त्या काळी मोबाइलवरून फिरत होता, तो मात्र निराधार होता; श्वास रोखण्याची ताकद आणि फुप्फुसाचे आरोग्य यांचा असा सरळ हिशेब नाही.

चिमट्याची साक्ष कोठे कमी पडते, हेही सांगणे अगत्याचे आहे. बोट गार पडले असेल, हात हलत असेल, नखावर रंग वा गडद मेंदी असेल, तर आकडा भरवशाचा नसतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड शिरला असेल, तर चिमट्याला तो ऑक्सिजनसारखाच भासतो आणि मरणाच्या दारातल्या माणसालाही तो उत्तम दाखला देतो. रक्तक्षयाची गोष्ट तर आपल्या स्त्रियांच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाची. चिमटा सांगतो ते हिमोग्लोबिन किती टक्के भरले आहे हे. ते मुळात आहे किती, हे नव्हे. रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली स्त्री आणि ७ ग्रॅम असलेली स्त्री, दोघींच्याही बोटावर ९८ उमटते. पण पहिलीच्या दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि दुसरीच्या रक्तात साडेनऊच्याही आत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आहेत.

आणखी एक गोष्ट मनाला डाचते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की चिमट्यावर ९२ ते ९६ आकडा असताना प्रत्यक्ष धमनीतले प्रमाण ८८ च्या खाली असण्याचा प्रकार गोऱ्या रोग्यांमध्ये ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रोग्यांमध्ये ११.७ टक्के होता. त्वचेतले रंगद्रव्य प्रकाशाच्या हिशेबात ढवळाढवळ करते. स्पायरोमीटरचा इतिहास तर याहून वेदनादायक आहे. अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट या गुलामांच्या मालक-डॉक्टराने याच यंत्राचा आधार घेऊन कृष्णवर्णीयांची फुप्फुसे जन्मतःच एक-पंचमांशाने उणी असतात असे मांडले होते, आणि त्या विचाराची छाया ‘वंशानुसार दुरुस्ती’ या रूपाने आधुनिक यंत्रांतही टिकून राहिली, इतकी की खाणीत वा गिरणीत काम करून खरोखर झिजलेली छातीही ‘यांच्यात हे नेहमीचेच’ म्हणून निरोगी ठरावी. २०२३ साली अमेरिकेच्या वक्षरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ही दुरुस्ती सोडून सर्वांना एकच माप लावावे अशी शिफारस केली. सावळ्या वर्णाच्या, लहान चणीच्या आणि बालपणी अर्धपोटी वाढलेल्या आपल्या माणसांच्या आकड्याकडे पाहताना हा सारा पूर्वेतिहास डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे असावा, असे मला कळकळीने वाटते.

या देशात फुप्फुसाच्या दीर्घकालीन रोगांचे ओझे केवढे आहे, हे वाचून मी सुन्न झालो. १९९० साली भारतात सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रोगी होते असा अंदाज आहे. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या १८ टक्के लोकसंख्येच्या वाट्याला अशा रोगांमुळे होणाऱ्या आयुष्यहानीचा ३२ टक्के भाग आला. आणि हे सारे विडी-सिगारेटचे पाप नव्हे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्या समवेत २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले होते: लाकूड, गोवऱ्या आणि काटक्या यांचा धूर, शेतातली आणि कारखान्यातली धूळ, लहानपणची छातीची दुखणी, राहून गेलेला क्षयाचा व्रण. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर २०१६ पासून घरोघर पोहोचू लागले खरे, पण पन्नास वर्षे छातीत गेलेला धूर सिलिंडर आल्याने बाहेर निघत नाही. मुंबईच्या गिरणगावातले जुने कामगार सोमवारच्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते म्हणून सांगत; रविवारी सुट्टी घेतलेली छाती सोमवारी कापसाच्या धुळीत शिरली की हे होई. बायसिनोसिस हे त्याचे नाव. पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर एकेक फुंकर घेतली की दोन आकड्यांतली घट कागदावर दिसे, आणि ज्या कामगाराची तक्रार मुकादमाला कांगावा वाटे तिला पुरावा मिळे.

मग एवढी उपयुक्त फुंकर घरोघर का गेली नाही? कारण चिमटा लावून घ्यायला काही यावे लागत नाही. फुंकर यावी लागते. पाण्यातले पिंप गेले, आता नळीतले हलके चक्र किती फेरे घेते यावरून किंवा अश्राव्य ध्वनीच्या साहाय्याने प्रवाह मोजला जातो, आलेख फोनवर उमटतो, आणि सारे यंत्र पिशवीत मावते. परंतु माणसाची छाती पूर्ण भरवून ती पूर्ण रिकामी करवून घेण्याचे काम कोणत्याही यंत्राला जमलेले नाही. ओठांतून हवा निसटली, मध्येच खोकला आला, रोगी लाजला, अर्ध्यातच थांबला, तर निरोगी माणूस रोगी ठरतो. म्हणून निदान तीन चांगल्या फुंकरी घ्यायच्या, त्यांतल्या सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक अंतर नको, आणि यंत्राची पारख तीन लिटरच्या पिचकारीने वरचेवर करायची, असा शिरस्ता आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला फुंकायला लावत नाहीत. हे सारे शिकलेला, प्रेमळ आणि चिवट माणूस यंत्राइतकाच मोलाचा आहे, आणि यंत्रे खरेदी करणाऱ्या आपल्या कचेऱ्या नेमक्या याच माणसाची तरतूद करायला विसरतात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या यंत्राशेजारी हे यंत्र असावे, आणि ते चालवायला शिकलेली एक तरी परिचारिका असावी, यापेक्षा अधिक मागणे माझे नाही.

आत्याबाईंना त्या शिबिरातून तोंडाने ओढायचे औषध मिळाले. गेलेली छाती परत आली नाही, पण मधल्या पायरीवरचे बसणे कमी झाले. पुढल्या वर्षी शिबिर आले तेव्हा त्या आळीतल्या चार बायकांना बरोबर घेऊन गेल्या. पहिली बाई नळी तोंडाशी धरून संकोचाने हळूच फुंकू लागली. डॉक्टरीणबाई समजावून सांगणार तोच आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आगं, व्हट सोडू नगंस. वली लाकडं हाईत आन् चूल इझाय लागलीया आसं समज, आन् फुक. मदी थांबू नगंस.”